१८ लाख घेऊन सही करू का?

ताई, तुम्ही लिहिलंय की नवरा १८ लाख एकरकमी द्यायला तयार आहे आणि बदल्यात म्युच्युअल डिव्होर्सवर सही, डीव्हीची म्हणजे कौटुंबिक हिंसाचाराची केस मागे, फ्लॅटवरचा हक्क सोडायचा, शिवाय तुमच्यासाठी किंवा मुलीसाठी पुढे कधी एक रुपया मागायचा नाही. आणि विचारलंय एवढंच की हे पैसे एफडीत टाकू की फंडात. त्या प्रश्नाला मी आत्ता हात लावत नाही, कारण या अटींवर सही करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. मारहाण करणाऱ्या माणसापासून लवकर सुटायचंय हे अगदी समजतं, तारखांना कंटाळून बायका हक्काचं सोडून देतात तेही बघतोय, म्हणून आधी आकडे बघूया.

फ्लॅट दोघांच्या नावावर, आजचा भाव ६० लाख, लोन बाकी २४. म्हणजे कर्ज जाऊन राहिले ३६, त्यातले निम्मे १८. अहो, तो तुमचेच पैसे तुम्हाला देतोय आणि त्यावर पोटगी, दागिने, केस सगळं सोडवून घेतोय! अर्थात आपल्याकडे लग्नानंतरची प्रॉपर्टी आपोआप अर्धी-अर्धी होते असा कायदा नाही, कागदावर नाव कुणाचं आणि पैसे कुणी भरले यावर वाद होतो, त्यामुळे डाउन पेमेंटला वडिलांनी दिलेल्या ४ लाखांचं बँक स्टेटमेंट आणि तुमचे दागिने मोडल्याच्या पावत्या आजच काढून वकिलांकडे द्या.

आता पोटगी. ठरलेला फॉर्म्युला नाही, पण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका निकालात पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य म्हटली होती, वकील अजून तोच अंदाज धरतात. त्याच्या हातात ९० हजार येतात म्हणजे साधारण साडेबावीस हजार महिना, तेवढे १५ वर्षं मिळाले तर ७ टक्के व्याज धरून त्याची आजची किंमत, म्हणजे त्याऐवजी आज एकरकमी घ्यायची रक्कम, २५ लाखांच्या आसपास होते, आणि मुलीचा खर्च यात धरलेलाच नाही. उलट तुमचे १८ लाख ७ टक्क्यांच्या एफडीत टाकले तर महिन्याला साडेदहा हजार. तुम्ही २० हजार कमावता म्हणून काहीच मिळणार नाही असं तो सांगतो ना, ते खोटं आहे, कमावत्या बायकोलाही पोटगी मिळते, रक्कम कमी-जास्त होईल. आणि मुलीची पोटगी हा मुलीचा हक्क आहे, तो तुम्ही तिच्या वतीने सही करून सोडूच शकत नाही.

सगळ्यात जास्त काळजी मला लोनची वाटते. तुम्ही रिलीज डीड म्हणजे हक्कसोडपत्र करून फ्लॅट त्याला दिलात तरी बँकेच्या लेखी को-बॉरोअर, म्हणजे सहकर्जदार, तुम्ही राहताच, त्याने हप्ते थकवले की सिबिल तुमचं खराब आणि वसुलीचा फोन तुम्हाला. घटस्फोटाचा कागद बँकेला बांधील नसतो. त्याने लोन स्वतःच्या एकट्याच्या नावावर करून घेतलं, बँकेचं तुम्हाला मोकळं केल्याचं पत्र हातात आलं, की मगच फ्लॅट सोडायचा.

केस मागे घ्यायची घाई तर अजिबात नको, कारण तुमच्या हातात खरी ताकद तीच आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा नुसता मारहाणीपुरता नाही, खर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन दाबून ठेवणं हीसुद्धा त्यात आर्थिक छळात येतात. मॅजिस्ट्रेट अंतरिम खर्च, दवाखान्याची बिलं, बुडालेला पगार, नुकसानभरपाई देऊ शकतात, जॉइंट खातं-लॉकर त्याने परस्पर वापरू नये किंवा मालमत्ता विकू नये असा आदेश देऊ शकतात, आणि तो पैसे देत नसेल तर त्याच्या कंपनीला थेट पगारातून तुम्हाला द्यायला सांगू शकतात. स्त्रीधन परत करायचा आदेशही त्यातच मिळतो, म्हणून दागिन्यांची यादी, लग्नाचे फोटो, पावत्या जमवा. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं शपथपत्र द्यावं लागतं, तर त्याचं शपथपत्र बघितल्याशिवाय १८ हा आकडा मुळात कमी की जास्त हे कुणीच सांगू शकत नाही. त्याच निकालाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायला सांगितलंय, त्यामुळे अर्ज अजून केला नसेल तर उशीर करू नका.

तडजोड करूच नका असं मी म्हणत नाही हां. चांगल्या आकड्याला एकरकमी घेणं मला आवडेल, दर महिन्याला त्या माणसाच्या मागे लागायला नको, आणि कर सुद्धा एकरकमीवर सहसा लागत नाही, महिन्याच्या पोटगीवर लागू शकतो. फक्त पैसे डिमांड ड्राफ्टने, काही पहिल्या अर्जाच्या वेळी आणि उरलेले शेवटच्या सहीच्या दिवशी कोर्टातच, आणि केस शेवटी मागे. निकाल लागेपर्यंत म्युच्युअलची संमती मागे घेता येते, तो अमुक तारखेची धमकी देत असेल तर घाबरू नका.

वकिलाच्या फीचं लिहिलंत, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला मोफत वकील मिळतो, पगार कितीही असो. आणि आजच दुसऱ्या बँकेत एकटीच्या नावाने खातं उघडा, पगार तिकडे वळवा, ओटीपी ज्या नंबरवर येतो तो त्याच्याकडे नाही ना ते बघा, पासवर्ड आणि नॉमिनी बदला. त्याला भेटून बोलणी करू नका, जे काय ते वकिलामार्फत, आणि पुन्हा अंगावर आला तर ११२ किंवा १८१. त्याचं शपथपत्र आलं की मला आकडे पाठवा, मग किती मागायचे ते बसून ठरवू.