काळे कपडे घालते म्हणून पोरगी वाया गेली?

एका मुलीचं पत्र आलंय, थोडक्यात असं: ‘मी २२ वर्षांची, नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. मेटल, म्हणजे जड गिटारचं रॉक संगीत, ऐकते. काळे कपडे, जाड बूट, नाकाच्या मधल्या पडद्यात रिंग. सोसायटीच्या सेक्रेटरींनी बाबांना गाठून विचारलं, “मुलगी नशा वगैरे करते का? ते सैतानाचं काय असतं?” बाबा सातपूरला कारखान्यात प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनवर, आहेत. त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. कॉलेज रोडला बाइकवरची पोरं “ए हडळ” म्हणून ओरडतात, परवा एकाने गळ्यातली साखळी ओढली. पुढच्या महिन्यात मुलाखत आहे. सोडून देऊ का हे सगळं?’

आधी साखळीचं बोलू. बाकीचं थांबू शकतं, हे नाही. आजच लिहून काढ: तारीख, वेळ, कोणत्या दुकानासमोर, गाडीचा रंग, एमएच १५च्या पुढचं जेवढं आठवेल तेवढं. त्या दुकानदाराला गाठून सीसीटीव्हीचं फुटेज काढून ठेवायला सांग. जुन्यावर नवं रेकॉर्डिंग चढत जातं, दोन-तीन आठवड्यांनी गेलीस तर बहुधा हाती काही लागणार नाही. तक्रारीची सुरुवात ‘माझ्या कपड्यांवरून त्रास देतात’ अशी करू नकोस, सगळी चर्चा कपड्यांवरच घसरते. अमुक वेळी अमुक जागी एकाने गळ्याला हात घालून साखळी ओढली, हे पहिलं वाक्य. शेरेबाजी त्यानंतर. भारतीय न्याय संहितेत विनयभंगाला कलम ७४ आहे, स्त्रीचा अपमान करणाऱ्या शब्दांना आणि हावभावांना ७९. कोणतं लावायचं ते पोलीस बघतील. या कलमांखाली तुझी माहिती महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते. पुन्हा घडलं तर जागेवरूनच ११२ लाव.

‘एवढ्याशा गोष्टीसाठी पोलीस?’ असं घरातलं कुणीतरी म्हणेलच. इंग्लंडमध्ये २००७ साली सोफी लँकेस्टर ही वीस वर्षांची मुलगी गॉथ, म्हणजे तुझ्यासारख्याच काळ्या, पेहरावामुळे बागेत झालेल्या मारहाणीत गेली. ग्रेटर मँचेस्टर पोलीस २०१३पासून अशा हल्ल्यांची द्वेषमूलक गुन्हा म्हणून नोंद करू लागले. आपल्याकडे असा वेगळा रकाना नाही, म्हणून साध्या कलमांत चोख बसणारी तक्रारच कामाची.

सेक्रेटरींच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या बाजूने स्वच्छ हवी: आवाज. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सहा ४५. स्पीकर खिडकीपासून लांब आणि दहानंतर हेडफोन. कपडे काय घालावेत हे ठरवणं सोसायटीचं काम नाही. लेखी काही आलंच तर लेखीच विचारायचं, ‘कोणत्या उपविधीखाली?’ तोंडी कुजबुजीला खुलासे देत बसू नकोस, खुलासा केला की संशय पक्का होतो. जिन्यात भेटले की ‘काका, बरे आहात ना’, बस्स.

मुलाखतीसाठी रिंग काढू नकोस. नवीन असेल तर भोक काही तासांतही आक्रसतं, मग परत घालताना जखम होते. घोड्याच्या नालेच्या आकाराचा दागिना असेल तर दोन्ही टोकं वर वळवून नाकपुडीत लपतात. पूर्ण गोल रिंग वळत नाही. टोचून दोन-तीन महिने झाले नसतील तर मात्र सारखी वळवू नकोस, आणि हात धुतल्याशिवाय तर नाहीच.

आता बाबा. कपडे बदललेस तरी ते लगेच बोलायला लागतील असं वाटत नाही. सेक्रेटरींनी घातलेलं भय तसंच राहील, वर तू काहीतरी लपवतेयस असं वाटेल. ‘आजीची नथ चालते, मग माझी रिंग का नाही’ हा मुद्दा काढूच नकोस. बरोबर असला तरी त्यांना तो आजीचा अपमान वाटेल.

त्यांना ब्लॅक सबाथ या मेटल बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याची गोष्ट सांग. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, १७ वर्षांचा असताना, मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा तोच हात. त्याने साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, पुढे ताण कमी पडावा म्हणून तारा सैल केल्या. १९६८मध्ये उभ्या राहिलेल्या ब्लॅक सबाथचा तो जड, खोल आवाज बराचसा तिथून आला. प्रेसवर काम करणाऱ्या माणसाला यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही.

सैतानाचं विचारलं तर खोटं बोलू नकोस. नॉर्वेत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्लॅक मेटल या मेटलच्याच एका प्रकारातल्या काही पोरांनी चर्च जाळली होती. तेही सांग, आणि तुझ्या यादीतल्या गाण्यांचे शब्द मराठीत करून त्यांच्यासमोर ठेव. नशेचं त्यांनी विचारायची वाट न बघता तूच सरळ बोल. रविवारी सकाळी, चहाच्या वेळी, आई असताना. गाणं एकच लाव, कमी आवाजात, स्वच्छ गायलेलं. घोगऱ्या आवाजाचं नंतर कधीतरी, आणि तेव्हा सांग की ते रागाने ओरडणं नसतं. स्वरतंतूंच्या वरच्या घड्या कंपवून, श्वास सांभाळून काढायचा तो आवाज आहे, आणि तो शिकायला बराच रियाज लागतो.