सिएम रीपच्या अनाथाश्रमात एक सकाळ द्यावी का?

प्रश्न : डिसेंबरात आम्ही आठ जण अंकोर वाट पाहायला कंबोडियात जात आहोत. सिएम रीपमधल्या एका अनाथाश्रमात एक सकाळ द्यायची, मुलांना गाणी शिकवायची, तांदूळ द्यायचा असा बेत आहे. मुलीचा वाढदिवस आम्ही दरवर्षी इथल्या आश्रमातच करतो. तिथे काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तो बेत सोडून द्या, असेच आम्ही कळकळीने सांगू.

ख्मेर रूज या क्रूर कम्युनिस्ट राजवटीच्या काळात (1975 ते 1979) असंख्य मुले पोरकी झाली. आज आश्रमात दिसणारी मुले त्यांची नातवंडे शोभतील अशा वयाची आहेत. 2017 च्या सुमारास जाहीर झालेल्या सरकारी मोजणीत 406 निवासी संस्थांत 16,579 मुले होती, आणि त्याआधीच्या पाहणीत दर चारांतल्या सुमारे तीन मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे आढळले होते. गरीब घरातल्या आईला ‘शाळा मिळेल, पोटभर जेवण मिळेल’ असे सांगून मूल नेले जाते. पाहुणे वाढले की देणग्या वाढतात, आणि देणग्या चालू राहायला मुले लागतात. काही ठिकाणी तर दया यावी म्हणून मुलांना मुद्दाम हलाखीत ठेवल्याचे उघड झाले आहे. तुम्ही नेलेले तांदळाचे पोते याच चक्राला बळ देते.

दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. तुम्ही दारात पाऊल टाकताच तीन-चार वर्षांची पोरे धावत येऊन गळ्यात पडतील. आपल्याला ते प्रेम वाटते. पण घरात वाढलेले मूल परक्या माणसाला पाहून आधी आईच्या पदराआड जाते. कुणाच्याही कडेवर जाणारे मूल हे अनेकदा हक्काचे माणूस न मिळालेले मूल असते. दर आठवड्याला नवे ताई-दादा येऊन जीव लावून निघून गेले, की ती जखम पुन्हा उघडी पडते.

ओळखपत्र न विचारता आत घेणारी, मुलांना पाहुण्यांबरोबर एकटे बाहेर पाठवणारी, रात्री पर्यटकांपुढे नाचवणारी किंवा बाजारात पत्रके वाटायला लावणारी संस्था दिसली तर तिथे एक रुपयाही देऊ नका. रस्त्यावर कडेवर बाळ घेतलेली बाई ‘पैसे नकोत, दुधाची पावडर घेऊन द्या’ म्हणाली, तरी डबा घेऊ नका. सीलबंद डबा तुमची पाठ वळताच दुकानात परत जातो.

मदत करायचीच असेल तर रक्त द्या. अंकोरच्या रस्त्यावरच कंथा बोफा या मुलांची रुग्णालये चालवणाऱ्या संस्थेचे ‘जयवर्मन सातवा’ रुग्णालय आहे. तिथे मुलांवर मोफत उपचार होतात आणि पर्यटकांना रक्तदानाचे आवाहन केले जाते. पासपोर्ट जवळ ठेवा. अलीकडे मलेरिया किंवा डेंग्यू झाला असेल तर आधी सांगा. देवळांच्या उभ्या पायऱ्या चढून झाल्यावर, दुसऱ्या दिवशी जा. भरपेट नाश्ता, भरपूर पाणी, आणि नंतर उन्हात चढउतार नको. चक्कर बहुतेक त्यामुळेच येते. संध्याकाळी ‘फारे’ सर्कसची तिकिटे काढा. त्या पैशातून बाटम्बांग शहरातली कलाशाळा चालते, आणि रंगमंचावरचे तरुण तिथेच शिकलेले असतात.

प्रश्न : भाचा समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. करतो. तो दोन महिने तिथे राबायला तयार आहे. त्यालाही नकोच का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मुलांमध्ये नको, कर्मचाऱ्यांमध्ये चालेल. हिशेब, नोंदी, स्थानिक कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण या कामांत तो उपयोगी पडेल. होकार देण्यापूर्वी संस्थेला एक प्रश्न विचारू द्या : ‘गेल्या वर्षी किती मुले घरी परत पोहोचवलीत?’ आकडा सांगता येत नसेल तर नमस्कार करावा. पासपोर्ट सेवेतून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढून न्यावे, संस्थेने मागितले नाही तरी. पर्यटक व्हिसावर काम चालत नाही. ‘ई’ वर्गाचा साधारण व्हिसा लागतो.

प्रश्न : मग इथल्या आश्रमातला वाढदिवसही चुकीचा का? फोटो तर आम्ही प्रेमानेच टाकतो.
– एक वाचक, पुणे

उत्तर : फोटो आजच काढून टाका. बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 74 नुसार संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करता येत नाही. केकऐवजी अधीक्षकांना विचारा, चष्मे, दातांचे उपचार, दहावीची शिकवणी यातले काय हवे आहे, आणि त्याचा खर्च वर्षभर उचला.