वाचकांचे प्रश्न : बिबट्या दूर नेऊन सोडला, तर प्रश्न सुटेल का?

प्रश्न : माझे माहेर जुन्नर तालुक्यात असून थोरला दादा तेथे ऊस आणि कांदा करतो. मागच्या महिन्यात बिबट्याने गोठ्यातल्या दोन शेळ्या नेल्या. पिंजरा लावून त्याला लांबच्या जंगलात सोडावे, असे दादा म्हणतो. मी बोरिवलीत राष्ट्रीय उद्यानालगत राहते. बिबट्याशी जुळवून घ्यावे असे आम्ही येथे सहज बोलतो, पण दादासमोर माझ्याकडे उत्तर नसते. शेतकऱ्याने पोट भरावे की वन्यप्राणी सांभाळावा?
– एक वाचक, बोरिवली (पूर्व)

उत्तर : ताई, आपल्या दादांचा राग रास्त आहे आणि तो मान्य केल्याशिवाय पुढचे काही बोलू नये. आपल्याला बिबट्या सोसायटीच्या कॅमेऱ्यात दिसतो. त्यांना मात्र शेतीपंपाची थ्री फेजची वीज रात्रीच्या पाळीत आली की बॅटरी आणि काठी घेऊन उसात दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जावे लागते. बसलेला किंवा वाकलेला माणूस बिबट्याला उंचीने जनावरासारखा भासू शकतो, आणि जुन्नर परिसरात माणसेही दगावली आहेत.

तरीही लांब नेऊन सोडण्याने त्यांची रात्र सुरक्षित होणार नाही. कुकडी प्रकल्पाचे पाणी आल्यावर या भागात ऊस वाढला. वर्ष-दीड वर्ष उभ्या राहणाऱ्या त्या दाट पिकात बिबट्याला आडोसा मिळतो, वस्तीवरची कुत्री आणि शेळ्या हाताशी असतात, आणि मादी फडातच पिल्ले घालते. त्यातला एक उचलला, तर मोकळ्या झालेल्या हद्दीत दुसरा येतो. २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत जुन्नरमधून अनेक बिबटे पकडून इतरत्र सोडले गेले, तेव्हा माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढल्याचे अभ्यासकांना आढळले. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला एक नर गळ्यात ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला होता. ‘आजोबा’ या नावाने ओळखला गेलेला तो बिबट्या रेल्वेमार्ग आणि महामार्ग ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून थेट आपल्या बोरिवलीच्या उद्यानात पोहोचला.

म्हणून पहिला पैसा गोठ्यावर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दाराला कडी असते, भिंतही पक्की असते; पण भिंतीच्या वर आणि पत्र्याच्या खाली वाऱ्यासाठी ठेवलेली हात-दीड हाताची फट तशीच राहते आणि बिबट्या नेमका तेथून उतरतो. त्या फटीला जाड लोखंडी जाळी वेल्डिंग करून घ्यावी. शेळी मारली गेलीच, तर ती हलवू नये, वनरक्षकाला लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा, म्हणजे भरपाईचा हक्क शाबूत राहतो. ऊसतोडीच्या वेळी बछडे सापडले, तर त्यांना हात न लावता मजुरांना बाजूला घ्यावे आणि वन विभागाला बोलवावे. पिल्ले हरवलेली मादी त्याच शिवारात घिरट्या घालत राहते, आणि तेव्हाचा धोका सर्वांत मोठा असतो.

पण सर्वांत मोठी मागणी दिवसा विजेची आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देश तोच आहे. आपला फीडर, म्हणजे गावाच्या शेतीपंपांना वीज पुरवणारी वाहिनी, त्या योजनेत आहे का, याची विचारणा गावाने ग्रामसभेच्या ठरावासह महावितरणकडे करावी. शेतकऱ्याला रात्री शेतात जावे लागले नाही, तर त्याच्या जिवाचा धोका बराच कमी होईल आणि बिबट्याला पकडण्याचा आग्रहही ओसरेल. पोट की प्राणी, ही निवड दादांवर लादणाऱ्या व्यवस्थेला आधी जाब विचारायला हवा.

आणि ताई, बिबट्या जगावा असे आपल्यालाही वाटते, तेव्हा त्याचा सगळा भार दादांनीच का उचलावा? पुढच्या खेपेला माहेरी जाल, तेव्हा गोठ्याची फट मोजून घ्या आणि जाळीच्या खर्चात आपला वाटा द्या.