आरसे हलवण्याआधी तारा बघ
आरशांच्या दुर्बिणीची जुळणी (आरसे एका रेषेत आणणं) तपासताना पेचकसाला आधी हात लावू नकोस. दुर्बीण अर्धा-पाऊण तास बाहेर ठेव. आरसा गरम असला की तारा उकळल्यासारखा दिसतो आणि खापर उगाच जुळणीवर फुटतं. मग ध्रुवतारा धर. महाराष्ट्रातून तो क्षितिजापासून जेमतेम १६ ते २२ अंशांवर, धुरकट हवेत असतो, पण जागचा हलत नाही, हे मोठं सुख! तो अगदी मधोमध आण (कडेला चांगल्या दुर्बिणीतही ताऱ्याला शेपूट फुटतं), जास्त वर्धनाची नेत्रिका (डोळ्याकडचं भिंग) लाव आणि फोकस किंचित बिघडव, म्हणजे तारा पसरून कडी दिसतील. कडी एकात एक, समकेंद्री दिसली तर काही करायचं नाही. एकीकडे सरकलेली असली तरच मुख्य आरशामागचे स्क्रू. एफ/८ ला (नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या आठपट) थोडी चूक खपते, एफ/५ ला नाही.