प्रकाशक पैसे मागतोय, देऊ का?

"पुस्तक तयार आहे, पण कुणी छापत नाही. एक जण छापतो म्हणतो, तर पैसे मागतो. देऊ का?" हा प्रश्न समुपदेशकाकडे कशाला येईल, असं वाटेल. पण तो येतो, आणि एकटा येत नाही. सोबत उडालेली झोप, घरातली धुसफूस आणि 'आपल्यात काही दमच नाही' ही बोच असते.

त्यातलंच हे एक उदाहरण, परवानगी घेऊन आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून. गृहस्थ पंचेचाळिशीचे, नागपूरच्या गांधीबागेतल्या औषधांच्या एका ठोक दुकानात हिशेब सांभाळणारे. उमरेडकडच्या आपल्या गावावर त्यांनी कथा लिहिल्या होत्या. घेऊन आल्या त्यांच्या पत्नी. "रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर मेल पाहून राहिले असतात, ताई. आता त्या पैसे मागणाऱ्या प्रकाशकासाठी एफडी मोडतो म्हणतात." गृहस्थ खाली मान घालून बसलेले. मग म्हणाले, "वर्ष झालं जी. तो पैसे मागणारा सोडला तर एकानंही उत्तर नाही दिलं. नाही म्हणायच्याही लायकीचं नसंल."

हे शेवटचं वाक्य मी कागदावर लिहून घेतलं. कागदाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे 'काय घडलं' आणि उजवीकडे 'मला काय वाटलं'. डावीकडे त्यांना एवढंच लिहिता आलं : उत्तर आलं नाही. उजवी बाजू मात्र भराभर भरली. शेवटची ओळ होती, 'दुकानातला माणूस काय लिहिणार!' हे कोण बोलतंय, असं विचारलं. ते जरा थांबले आणि हसले. "मोठा भाऊ. शाळेत असल्यापासून हेच म्हणायचा."

समोरून शब्द आला नाही की मन ती जागा रिकामी ठेवत नाही, जुनं साठवलेलं काही तरी तिथे आणून बसवतं. प्रकाशक गप्प होते, बोलत भाऊ होता. हे लक्षात आल्यावर लगेच झोप लागू लागली असं नाही, पण मेल उघडण्याची वेळ ठरवता आली : दुपारच्या जेवणानंतर, एकदाच.

आता डावी बाजू. उत्तर का आलं नसेल? अख्ख्या संग्रहाची स्पायरल झेरॉक्स त्यांनी दिसेल त्या पत्त्यावर कुरिअर केली होती. त्यातला एक प्रकाशक स्पर्धा परीक्षांची पुस्तकं काढणारा, दुसरा पोथ्या आणि व्रतकथांचा. सोबत पत्र नाही, कथांविषयी दोन ओळी नाहीत. मराठीतली अनेक प्रकाशनं एक-दोन माणसांच्या बळावर चालतात. न मागितलेलं हस्तलिखित तिथे महिनोन्महिने पडून राहतं. आधी आपल्या कपाटातली आवडती पुस्तकं काढा आणि ती कुणी छापली ते बघा, मग तिथे चौकशीचं पत्र आणि एकच नमुना कथा पाठवा, असं मी सुचवलं.

त्या पैसे मागणाऱ्या पत्राला मात्र आम्ही एक पूर्ण बैठक दिली. 65,000 रुपयांचं 'पॅकेज', 50 प्रती लेखकाला, बाकी 'मागणीनुसार'. आयएसबीएनचे (म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचे) 6,000 आणि कॉपीराइटचे 7,500 वेगळे दाखवलेले. खाली लाल अक्षरांत : ऑफर महिनाअखेरपर्यंत. आपल्याकडे आयएसबीएन राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही. कॉपीराइट तर लिहिताक्षणीच लेखकाचा असतो. नोंदणी सक्तीची नाही आणि केलीच तर साहित्यकृतीसाठी सरकारी शुल्क 500 रुपये आहे. ते ऐकून हिशेबाच्या माणसाने खिशातलं पेन काढलं आणि दोन्ही आकड्यांभोवती गोल केला.

खरी गोम कराराच्या मसुद्यात होती : 'सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे.' 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी करारानेच देता येतात, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. इथे मुदत 'कायमची' अशी लिहूनच घेत होते. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं चालतो. म्हणजे 65,000 यांनीच मोजायचे आणि नातवंडांच्या वाटचा हक्कही यांनीच सोडायचा.

स्वखर्चाने पुस्तक काढण्यात लाज वाटावी असं काही नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पण मग छपाईचा खर्च छपाईचा म्हणून करावा. मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, कागद, प्रती यांचे दर वेगवेगळे विचारावेत, हक्क आपल्याकडे ठेवावेत आणि पुस्तकं दुकानापर्यंत कोण नेणार ते आधी ठरवावं. न विकलेल्या प्रतींचे गठ्ठे दिवाणाखाली ठेवून त्यावर झोपणारे लेखक मी पाहिलेत. झोपेची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला हे सांगणं भागच होतं!

माझं मत असं की पहिल्या पुस्तकाआधी पहिला संपादक भेटावा. आपल्याकडे त्यासाठी दिवाळी अंकांसारखी वाट आहे. 1909 साली 'मनोरंजन' मासिकाने ती सुरू केली, आणि अजूनही नवी नावं तिथे दिसतात. मात्र अंक दिवाळीत निघतो म्हणून कथा दसऱ्याला पाठवून चालत नाही; जून-जुलैपर्यंत ती पोचलेली बरी. युनिकोडमध्ये टाइप केलेली, शब्दसंख्या, फोन नंबर आणि 'अप्रकाशित' असा उल्लेख असलेली. एकच कथा एका वेळी चार ठिकाणी टाकू नये. नागपूरकराला तर विदर्भ साहित्य संघ सीताबर्डीवरच आहे. 1923 पासूनची संस्था, तिचं 'युगवाणी' हे नियतकालिकही आहे. तिथल्या कार्यक्रमाला मागच्या खुर्चीवर नुसतं जाऊन बसलं तरी लिहिणारी माणसं भेटतात. आणि ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही त्यांच्यासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. मंडळ हस्तलिखितं मागवतं तेव्हा त्याची जाहीर सूचना निघते.

यातलं काय करायचं ते त्यांनी ठरवलं. सही केली नाही, एफडी राहिली. एक कथा पाठवली. ती परत आली, पण संपादकाने तीन ओळी लिहिल्या होत्या : सुरुवात पकड घेते, बैलबाजारानंतर कथा रेंगाळते, शेवट सांगून टाकलाय. पत्नीचा काळजीने फोन, "पुन्हा नाही म्हणाले जी." मी त्यांना बोलावलं, तर गृहस्थ कथेची दुरुस्त प्रत घेऊनच आले. बैलबाजारानंतरची दोन पानं आडवी रेघ मारून उडवलेली. शेवटावर अजून अडले होते. भावाचं वाक्य परत आलं का, असं विचारलं. "आलं होतं. पण यांनी तर बैलबाजाराबद्दल लिहिलं आहे ना. दुकानाबद्दल काही नाही."

महिन्याने ठरलेल्या बैठकीची आठवण करायला मी फोन केला, तेव्हा म्हणाले, "पुढच्या महिन्यात जमते का पाहू जी. जुलैच्या आत दुसरी कथा पाठवायची आहे."