नोकरी लागली की पोरगा सुटेल का?

प्रश्न : धाकटा मुलगा आयटीआय करून घरीच आहे. रोज संध्याकाळी मंडळाच्या पोरांत असतो. हल्ली ‘त्यांना एकदा धडा शिकवलाच पाहिजे’ असं बोलतो, मारहाणीचे व्हिडिओ पुढे पाठवतो. याचे वडील म्हणतात, नोकरी लागली की सुटेल. खरंच सुटेल का?
– एक आई, सातपूर

उत्तर : ताई, नोकरी लागावीच, पण सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नका. मार्क सेजमन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने 2004 मध्ये 172 जिहादी दहशतवाद्यांची माहिती मांडली. त्यात खात्यापित्या घरचे, शिकलेले पुष्कळ निघाले; लहानपणी मदरशात शिकलेले थोडेच. आधी दोस्त किंवा नातलग, कडवे विचार मागाहून. धर्म कुठलाही असो, रीत हीच राहते असं माझं मत. तुमच्या पोराची घरी कुणी वाट बघत नसेल. मंडळात बघतात, काम सांगतात, ‘भाऊ’ म्हणतात.

हे तुटतं कुठे? नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मी युनियनचं काम केलं. बोनसच्या बोलणीला भद्रकालीचा मुसलमान फिटर नि पंचवटीचा हिंदू टर्नर शेजारी बसायचे. गावात अफवा उठली की एक दुसऱ्याला सरळ विचारायचा, ‘काय रे, तुमच्याकडे काय झालंय?’ निम्म्या अफवा तिथंच मरायच्या. आता कंत्राटावरची पोरं सहा-सात महिन्यांत बदलतात. कोण कुणाला विचारणार?

भिवंडी बघा. 1984 ला हिंदू-मुस्लीम दंगलीत पेटली होती. 1988 पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. दोन्हीकडची साधी माणसं नि पोलीस एकत्र बसू लागले. 1992-93 ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. गरिबी तीच, यंत्रमाग तेच, गर्दीही तीच होती!

पोराशी धर्मावर वाद घालू नका, हराल. व्हिडिओ दाखवला की विचारा, कुठला, कधीचा? पेट्रोलचे पैसे कोण देतं, तेही विचारा. पुढे पाठवणं मात्र आजच बंद करा. त्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि कंपनीने पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागितला की तिथं घोडं अडतं. गुन्हा दाखल झालेल्यांत पुढाऱ्याची पोरं सहसा नसतात (इतकी वर्षं बघतोय). रविवारी त्या मंडळातल्या दोघातिघांना जेवायला बोलवा, म्हणजे कोण आहेत ते तरी कळेल.