येशू लकवा झालेल्या माणसाला आधी बरं का करत नाही, आधी क्षमा का करतो?

तुम्ही विचारलंय की बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात (मार्क 2), चौघं जण लकवा झालेल्या माणसाला छत फोडून येशूसमोर सोडतात, तर तो बरं करायचं सोडून आधी 'तुझ्या पापांची क्षमा झाली आहे' का म्हणतो, आणि त्या माणसाने तर माफी मागितलीच नव्हती. मी पाळक वगैरे नाही, धुळ्याकडचा, रविवारी चर्चला जाणारा साधा माणूस, मला काय वाटतं तेवढंच सांगतो.

आजार म्हणजे पापाची शिक्षा असा अर्थ यातून काढू नका. योहान 9 मधे जन्मांध माणसाला बघून शिष्य हेच विचारतात, पाप याचं की आईबापाचं, आणि येशू म्हणतो दोघांचंही नाही. पण लोकं तसंच धरून चालतात ना! आमच्या मोठ्या बाबांना लकवा झाला तेव्हा भेटायला येणारे खाटेजवळ बसायचे, चहा प्यायचे आणि उठता उठता कोणीतरी म्हणायचंच, "मांगला जलमनं काहीतरी ऱ्हाई भो." बाबांची वाचा गेलेली, पण कान शाबूत होते, सगळं कळायचं, डोळ्यातलं पाणी गालावर तसंच, पुसायला हात उचलेल तेव्हा ना. कफर्णहूमच्या (मार्कची ही गोष्ट त्याच गावातली) त्या माणसानेही वर्षानुवर्षं हेच ऐकलं असणार असं मला वाटतं, त्यामुळे पाय नाही, आधी हे ओझं उतरवलं.

आता माफी न मागता क्षमा कशी? मार्क सांगतो की येशूने त्या सगळ्यांचा विश्वास बघितला. तो बाजेवरचा माणूस पूर्ण गोष्टीत एक शब्द बोलत नाही. आणि विश्वास म्हणजे तरी काय, तर नुसती खटपट! आपल्याकडे ज्यांनी धाब्याचं घर बघितलंय त्यांना पटकन कळेल, तिकडची घरंही साधारण तशीच, लाकडी कड्या, वर फांद्या, त्यावर दाबून बसवलेली माती. बाज उतरेल एवढं भगदाड पाडायचं म्हणजे खाली प्रवचन चालू असताना डोक्यात ढेकळं, तिथे बसलेल्या शास्त्र्यांच्या, म्हणजे यहुदी धर्मपंडितांच्या, कपड्यांवर धुरळा. (हीच गोष्ट लूकच्या शुभवर्तमानातही आहे, तिथे तो कौलं म्हणतो, असो.) एवढं होऊनही येशू कोणाला रागावला असं कुठे लिहिलेलं नाही.

शास्त्री मात्र मनात म्हणतात की पापांची क्षमा देवाशिवाय कोण करणार, हा तर देवाची निंदा करतोय. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं, त्यांच्या हिशोबाने. मग येशू विचारतो सोपं काय, क्षमा झाली म्हणणं की ऊठ, बाज उचल म्हणणं? म्हणायला पहिलं सोपं, कारण ते तपासणार कोण. म्हणून मग सगळ्यांना दिसेल असं दुसरं करून दाखवलं आणि तो माणूस बाज उचलून चालता झाला.

मला राहून राहून घरमालकाचं वाटतं. मार्क 1 मधे कफर्णहूमला येशूचा शिष्य शिमोन पेत्र याचं घर आहे, त्यामुळे बरेच जण हे घर त्याचंच मानतात, इथे तसं स्पष्ट लिहिलेलं नाही. पण असेल तर मत्तय 18 मधे जो येशूला विचारतो की भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का, तो हाच पेत्र. धाबं कोणी बुजवून दिलं ते मार्कने कुठेच लिहिलेलं नाही.